हलत नाही म्हणजे बल नाही, असे नव्हे

सोलापूरच्या मार्केट यार्डात कांद्याची आवक जोरात असते त्या दिवसांत सकाळी थोडा वेळ उभे राहिले, तर सहावीच्या विज्ञानातला एक अख्खा धडा डोळ्यांसमोर घडताना दिसतो. कांद्याच्या गोणींनी भरलेली हातगाडी एक हमाल एकटाच मागून ढकलत असतो. त्याच्या पोटऱ्या ताठ झालेल्या असतात, चपलेचा पुढचा भाग मातीत रुतलेला असतो, मान खाली गेलेली असते, आणि तरीही गाडी जागची हलत नाही. मग दुसरा हमाल येऊन शेजारी खांदा लावतो, चाके करकरतात आणि गाडी चालू लागते. एकदा ती चालू लागली की दुसरा हमाल बाजूला झाला तरी पहिला तिला एकटा पुढे नेऊ शकतो.

मी गेली अनेक वर्षे पाचवी-सहावीच्या मुलांना विज्ञान शिकवते आहे. हे दृश्य वर्णन करून मी मुलांना विचारते, की गाडी हलली नाही तेव्हा पहिल्या हमालाने लावलेल्या बलाचे काय झाले. बहुतेक मुलांचे उत्तर येते, ‘वाया गेले.’ काही मुले म्हणतात, ‘गाडी हललीच नाही, म्हणजे बल लागलेच नाही.’ ही उत्तरे चुकीची असली तरी मला ती मोलाची वाटतात, कारण बल आणि गती यांच्याविषयी आपल्या मनात जन्मापासून बसलेली समजूत त्यांतून उघडपणे बाहेर येते. ती समजूत अशी, की बल असेल तर वस्तू हलते आणि वस्तू हलत नसेल तर बल नसते. संतुलित आणि असंतुलित बलांचा धडा खरे तर ही एक समजूत सोडवण्यासाठीच आहे, आणि ती सुटली नाही तर पुढे नववी-दहावीत गतीचे नियम पाठ होतात, पण कळत नाहीत.

बल म्हणजे ढकलणे किंवा ओढणे, इतकी व्याख्या या वयाला पुरेशी आहे. बल किती आहे आणि कोणत्या दिशेने आहे, या दोन्ही गोष्टी सांगितल्याशिवाय त्याचे वर्णन पूर्ण होत नाही, म्हणून आकृतीत बल बाणाने दाखवतात; बाणाची लांबी बल किती ते सांगते आणि त्याचे टोक दिशा दाखवते. बल न्यूटन या एककात मोजतात. शाळेतल्या ताणकाट्याला १ किलो साखरेची पिशवी अडकवली, तर काटा सुमारे ९.८ न्यूटन दाखवतो, कारण पृथ्वी त्या पिशवीला तेवढ्या बलाने खाली ओढत असते. मुलांच्या हातात एकदा तरी ताणकाटा द्यावा, असा माझा आग्रह असतो, कारण ‘न्यूटन’ हा शब्द हाताला जाणवल्याशिवाय तो नुसता परीक्षेतला शब्द राहतो.

आता पुन्हा हातगाडीकडे येऊ. समजा, पहिला हमाल २०० न्यूटन बलाने गाडी पुढे ढकलतो आहे. चाकांचा आस, जमीन आणि चाकांखालचा लहानसा खड्डा यांच्याकडून गाडीला विरोध होतो. सोपेपणासाठी या सगळ्याला मिळून आपण घर्षण म्हणू. हे घर्षण गाडीला मागच्या दिशेने २०० न्यूटन बलाने अडवून धरते. पुढे २०० आणि मागे २००, म्हणजे गाडीवर एकूण परिणाम शून्य. गाडीवर बले आहेत, चांगली मोठी आहेत, पण त्यांनी एकमेकांचा परिणाम पुसून टाकला आहे. अशा बलांना संतुलित बले म्हणतात.

इथे एखादे चौकस मूल विचारते, की हमालाने १०० न्यूटननेच ढकलले असते आणि घर्षण २०० असते, तर गाडी मागे गेली असती का. हा प्रश्न आला, की धडा नीट पोचतो आहे असे मी समजते. गाडी अर्थातच मागे गेली नसती, कारण थांबलेल्या वस्तूवरचे घर्षण स्वतःहून कोणाला ढकलत नाही. जेवढे ढकलावे तेवढाच विरोध ते करते. हमाल १०० न्यूटन लावील तेव्हा घर्षणही १००, तो २०० लावील तेव्हा घर्षणही २००. मात्र या विरोधाला एक कमाल मर्यादा असते. ती समजा ३०० न्यूटन आहे. दोघांनी मिळून ४०० न्यूटन लावले, की मर्यादा ओलांडली जाते, पुढच्या दिशेचे बल शिल्लक राहते आणि गाडी सुटते. जे बल शिल्लक राहते त्याला निव्वळ बल म्हणतात, आणि निव्वळ बल शून्य नसेल तेव्हा त्या वस्तूवरील बले असंतुलित आहेत असे म्हणतात.

मुलांना पटायला याहून अवघड गोष्ट म्हणजे टेबल पुस्तकाला वर ढकलते, ही. हमाल ढकलतो हे दिसते, कारण त्याला घाम येतो. टेबलाला घाम येत नाही, ते जिवंत नाही, त्याला इंजिन नाही, मग ते बल कसे लावणार? यासाठी मी वर्गात लांब प्लॅस्टिकची फूटपट्टी घेते आणि तिची दोन टोके दोन डब्यांवर ठेवून मध्ये पूल तयार करते. त्या पुलाच्या मधोमध २०० ग्रॅमचे वजन हलक्या हाताने ठेवले, की पट्टी मध्ये वाकू लागते, थोडी वाकते आणि थांबते. मुलांनी डोळे पट्टीच्या पातळीवर आणून हे पाहावे. वजन पट्टीला सुमारे २ न्यूटनने खाली दाबते आहे, आणि वाकलेली पट्टी मूळच्या सरळ आकारात येण्याच्या धडपडीत वजनाला वर ढकलते आहे. ती जितकी जास्त वाकते तितके जास्त ढकलते, आणि तिचे वर ढकलणे नेमके २ न्यूटन झाले, की वाकणे थांबते. वजन बोटाने आणखी दाबले, तर पट्टीचे उलटे ढकलणे बोटालाच जाणवते. टेबलही असेच वाकते, फक्त ते इतके सूक्ष्म असते, की डोळ्यांना दिसत नाही. फूटपट्टी पाहिल्यावर टेबलाबद्दलची शंका मुलांच्या मनातून आपोआप निघून गेलेली मी कितीतरी वेळा पाहिली आहे.

रस्सीखेचेचा खेळ या विषयाच्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकात असतो, आणि तो असावाच. दोन्ही संघ ६०० न्यूटनने ओढत असतील, तर दोरीच्या मधला रुमाल रेषेवरून हलत नाही. एका बाजूचे ओढणे ७०० झाले, तर १०० न्यूटन निव्वळ बल त्या बाजूला उरते आणि रुमाल तिकडे सरकतो. रुमाल स्थिर असला तरी दोरी ढिली नसते, हे मात्र मुलांना आवर्जून दाखवावे. ताठ दोरीला मध्येच बोट लावून पाहिले, की ‘संतुलित’ आणि ‘शून्य’ यांतला फरक कळतो. सोलापूरच्या मुलांना हाच फरक दाखवण्यासाठी दोरीचीही गरज नाही. पूर्व भागातल्या कुठल्याही मागाच्या कारखान्यात बीमपासून, म्हणजे धागे गुंडाळलेल्या रुळापासून, विणलेल्या कापडापर्यंत ताण्याचे, म्हणजे लांबीच्या दिशेचे, शेकडो धागे ताठ उभे असतात. प्रत्येक धागा दोन्ही बाजूंनी सारखा ओढला जातो, म्हणून दोन फटक्यांच्या मधल्या क्षणी तो स्थिर दिसतो. पण एखादा धागा तुटला, की त्याची दोन्ही टोके झटकन मागे उडतात. त्या क्षणापर्यंत तिथे केवढे ओढणे चालू होते, ते तेव्हा दिसते.

इथवर धडा सोपा आहे. खरी अडचण पुढच्या प्रश्नापाशी येते: चालत्या वस्तूवरची बले संतुलित असू शकतात का?

हातगाडी चालू झाली, दुसरा हमाल बाजूला झाला आणि पहिला हमाल तिला सपाट रस्त्यावरून एकसारख्या चालीने सरळ नेतो आहे. विचारल्यावर जवळजवळ सगळा वर्ग म्हणतो, की गाडी पुढे जाते आहे, त्या अर्थी पुढचे बल मागच्या बलापेक्षा जास्त असणार. हे उत्तर चुकीचे आहे. पुढचे बल जास्त असते, तर गाडीचा वेग सतत वाढत गेला असता आणि हमालाला धावत सुटावे लागले असते. चाल एकसारखी आहे आणि दिशा बदलत नाही, याचा अर्थच असा, की हमालाचे ढकलणे आणि घर्षणाचा विरोध आता बरोबरीचे आहेत. गळीत हंगामात आपल्या जिल्ह्यातल्या रस्त्यांवर उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर संथ, एकसारख्या वेगाने जाताना दिसतात. रस्ता सपाट आणि सरळ असेल, तर त्या ट्रॉल्यांवरची बलेही संतुलितच असतात. गती सुरू करायला किंवा वाढवायला जास्तीचे बल लागते. आहे ती गती टिकवायला लागते ते फक्त विरोधाच्या बरोबरीचे, आणि विरोधच नसेल तर मुळीच लागत नाही.

‘विरोधच नसेल तर मुळीच लागत नाही’ हे वाक्य माणसाला सुचायला फार काळ लागला. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातल्या ॲरिस्टॉटलसारख्या मोठ्या विचारवंताचेही मत होते, की वस्तू चालती ठेवायची असेल तर तिला कोणीतरी सतत ढकलत राहिले पाहिजे. रोजच्या अनुभवाशी हे मत जुळते, म्हणून ते पुढे जवळजवळ दोन हजार वर्षे टिकले. इटलीतल्या गॅलिलिओने (१५६४ ते १६४२) उतरत्या फळ्यांवरून गोळे सोडून पाहिले आणि असा विचार मांडला, की पृष्ठभाग जितका गुळगुळीत, तितका गोळा लांब जातो. तर मग अजिबात घर्षण नसलेल्या सपाट पृष्ठभागावर तो थांबेलच कशाला? पुढे १६८७ साली न्यूटनने गतीचे नियम मांडताना हाच विचार पहिल्या नियमाच्या रूपात नेमक्या शब्दांत सांगितला: असंतुलित बल लागत नाही तोवर थांबलेली वस्तू थांबलेलीच राहते आणि चालती वस्तू त्याच वेगाने सरळ रेषेत चालत राहते.

गॅलिलिओचा हा विचार घरच्या कॅरम बोर्डावर तपासता येतो. बोर्ड कोरडा असताना सोंगटीला टिचकी मारा आणि ती कुठवर गेली ते पाहा. मग बोर्डावर पावडर पसरून जमेल तितकी तशीच टिचकी मारा. सोंगटी बरीच लांब जाते. टिचकी दोन्ही वेळा बोटापाशीच संपलेली असते, बोट सोंगटीच्या मागे मागे जात नाही. मग दुसऱ्यांदा सोंगटी लांब का गेली? पावडरीने तिला ढकलले नाही, पावडरीने फक्त घर्षण कमी केले. म्हणजे सोंगटी थांबते ती ‘बल संपले’ म्हणून नव्हे, तर घर्षण हे एकटेच असंतुलित बल तिला मागे खेचत राहते म्हणून. ‘बल संपले’ हा शब्दप्रयोग मुलांच्याच नव्हे, आपल्या मोठ्यांच्याही बोलण्यात सहज येतो, आणि वर्गात तरी तो कटाक्षाने टाळावा असे मला वाटते.

संतुलित बलांखाली चालणाऱ्या वस्तूचे माझे सर्वांत आवडते उदाहरण पावसाच्या थेंबाचे आहे. हवा नसती आणि थेंब २ किलोमीटर उंचीवरून पडला असता, तर जमिनीवर येईपर्यंत त्याचा वेग सेकंदाला सुमारे २०० मीटर झाला असता, आणि पावसात उघड्यावर उभे राहणे अशक्य झाले असते. प्रत्यक्षात थेंबाचा वेग वाढतो तसा हवेचा विरोधही वाढत जातो, आणि थोडे अंतर पडल्यावर तो थेंबाच्या वजनाइतका होतो. तिथून पुढे बले संतुलित होतात आणि वेग वाढायचा थांबतो. मोठा थेंबही सेकंदाला साधारण ९ मीटर वेगाने येतो. थेंब थांबत नाही, पडतच राहतो, पण त्याचा वेग आता बदलत नाही.

म्हणून मुलांना विचारायचा प्रश्न ‘वस्तू हलते आहे का?’ हा नव्हे. ‘वस्तूचा वेग किंवा दिशा बदलते आहे का?’ हा प्रश्न विचारायचा. उत्तर ‘नाही’ असेल, तर बले संतुलित. ‘हो’ असेल, तर असंतुलित.

असंतुलित बले जवळून पाहायची असतील, तर पुन्हा मागाकडे यावे. माझे बालपण मागाच्या खडखडाटात गेले, आणि धोट्याची ये-जा पाहत मी कारखान्याच्या दारात तासन्‌तास उभी राहत असे. जुन्या पद्धतीच्या मागावर धोटा एका बाजूच्या पेटीत थांबलेला असतो. दांडा त्याला फटका मारतो, त्या क्षणी धोट्यावरचे बल असंतुलित होते आणि तो ताण्याच्या धाग्यांमधून बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा सोडत पलीकडे जातो. मधल्या प्रवासात त्याला कोणी ढकलत नाही. पलीकडच्या पेटीत शिरताना पेटीच्या बाजू त्याला दोन्हीकडून घट्ट धरतात, तिथले घर्षण त्याच्या गतीच्या उलट दिशेने असते, म्हणून तो थांबतो. लगेच तिकडचा दांडा त्याला परत पाठवतो. मिनिटाला शंभराहून अधिक वेळा हे घडते, आणि प्रत्येक वेळी सुरू करणारे असंतुलित बल वेगळे, थांबवणारे वेगळे. थांबवायलाही असंतुलित बलच लागते, हे मला तिथे दिसत होते, पण त्याला नाव आहे हे फार पुढे कळले.

दिशा बदलणे हा भाग बऱ्याचदा घाईत उरकला जातो, म्हणून त्यावर थोडे अधिक लिहिते. ज्वारीच्या शेतात पाखरे हाकलण्यासाठी गोफण फिरवणारा माणूस अनेकांनी पाहिला असेल. गोफणीतला दगड डोक्याभोवती एकसारख्या वेगाने फिरत असला, तरी त्याची दिशा क्षणोक्षणी बदलत असते. ती बदलवणारे बल म्हणजे गोफणीच्या दोरीचे आतल्या बाजूचे ओढणे, आणि त्याला तोलून धरणारे दुसरे बल दगडावर नसते. म्हणजे वेग कमी-जास्त होत नसूनही इथे बले असंतुलित आहेत. दोरीचे एक टोक सोडताच आतले ओढणे संपते आणि दगड गोल फिरत न राहता, सुटला त्या क्षणी ज्या दिशेने जात होता त्या दिशेने सरळ निघतो. शेतात न जाता वर्गातही हे दाखवता येते: दोऱ्याला खोडरबर बांधून मोकळ्या जागेत फिरवावा आणि दोरा सोडावा, मात्र आसपास कोणाचे डोळे नसतील याची खात्री करून.

आणखी एक गोंधळ वरच्या वर्गांत हटकून होतो, आणि त्याची तयारी आधीच करून ठेवलेली बरी. हमाल गाडीला ढकलतो तेव्हा गाडीही हमालाला तेवढ्याच बलाने उलट ढकलते. मग ही दोन बले समान आणि विरुद्ध असूनही गाडी हलते कशी? याचे उत्तर असे, की ती दोन बले एकाच वस्तूवर नाहीत. हमालाचे ढकलणे गाडीवर आहे, गाडीचे ढकलणे हमालावर आहे, आणि दोन वेगळ्या वस्तूंवरची बले एकमेकांना तोलू शकत नाहीत. गाडी हलेल की नाही, हे ठरवताना फक्त गाडीवर लागणारी बले मोजायची. यासाठी आकृतीत एका वेळी एकच वस्तू काढायची आणि फक्त तिच्यावर लागणारे बाण दाखवायचे, अशी सवय मी मुलांना सुरुवातीपासून लावते.

बले समान आणि विरुद्ध असली, तरी ती एका रेषेत नसतील तर वस्तू फिरते. बसचे स्टिअरिंग दोन बाजूंनी उलट-सुलट दिशेने ओढणाऱ्या चालकाचे हात आठवावेत. सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत उंच नंदीध्वज पेलणारे मानकरी आपण संक्रांतीच्या दिवसांत पाहतोच. ध्वजाचे वजन खाली आणि मानकऱ्याच्या कमरेच्या आधाराचे बल वर, ही दोन्ही एका उभ्या रेषेत असतात तोवर ध्वज सरळ राहतो. तो जरा कलला, की दोन रेषा एकमेकींपासून दूर होतात आणि कलणे वाढू लागते. तेव्हा मानकरी ध्वज कललेल्या बाजूला एक पाऊल टाकतो आणि आधार पुन्हा वजनाच्या खाली आणतो. त्या पावलासाठी आधी कित्येक दिवस सराव केलेला असतो.

धडा संपल्यावर मी मुलांना एकच प्रश्न घरी विचार करायला देते. पार्क मैदानावर कोणीतरी क्रिकेटचा चेंडू सरळ वर फेकला. तो वर गेला, सर्वांत उंच जागी क्षणभर थांबला आणि खाली आला. त्या थांबलेल्या क्षणी चेंडूवरची बले संतुलित होती की असंतुलित? पहिल्या दिवशी बहुतेक वह्यांत ‘संतुलित’ असे लिहून येते, कारण चेंडू थांबलेला होता. मग आम्ही फळ्यावर फक्त चेंडू काढतो आणि त्याच्यावरचे बाण शोधतो. खाली जाणारा, सुमारे १.६ न्यूटनचा, गुरुत्वाचा एक बाण सापडतो. वर जाणारा बाण कोणी काढला, तर मी विचारते, की हे बल कोण लावते आहे. हात तर केव्हाच सुटला. थोडा वेळ वर्गात शांतता असते. मग मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणते, ‘बाई, तो थांबला होता, पण थांबून राहिला नाही.’